फलकावर नसलेला दामू

आमच्या बास्केटबॉल क्लबने दामूला फसवलं. क्लबच्या आजवरच्या दहा सर्वोत्तम खेळाडूंचा फलक मैदानावर लागला. त्यात मी दुसरा आहे आणि माझ्याबरोबर नऊ वर्षं खेळलेला दामू कुठेच नाही.

काल तो फलकासमोर उभा होता. दहाव्या नावापासून बोट वर सरकवत पहिल्यापर्यंत गेला आणि मग हात खिशात घातला. “अक्षरं झकास काढलीत रे,” एवढंच म्हणाला. माझं डोकं फिरलं.

मी सेक्रेटरींना गाठलं. ते म्हणाले, “शेठ, जुन्या स्कोअरशीट बघून क्रम लावलाय. दामूच्या बास्केट आहेत किती?”

बास्केट माझ्या होत्या, पास त्याचे होते. तो डावीकडे बघायचा आणि चेंडू उजवीकडे माझ्या हातात यायचा. मांडव घालणाऱ्याचं नाव लग्नपत्रिकेत नसतं, पण सावलीत सगळेच बसतात.

भंगाराच्या धंद्यात घासाघीस करूनच मी वर आलो. इथे मात्र घासाघीस नाही. “माझं नाव खोडा आणि तिथे त्याचं लिहा,” मी म्हणालो. ते हसले.

हसू नका, सेक्रेटरी. दामू रोज संध्याकाळी मैदानावर येतो. त्याच्यासमोर उभे राहा आणि सांगा, त्याला का वगळलंत?