सहा फुटांची खिडकी

माझी आत्या पडदे शिवते. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांची नावं तिला आठवत नाहीत, पण त्यांच्या खिडक्या तोंडपाठ आहेत. "ते डॉक्टर? म्हणजे साडेपाच बाय चार, उन्हाची बाजू." एवढं बोलून ती मध्येच कुठंतरी हरवते आणि तिचा चहा गार होतो. बाबा म्हणतात, "आमची चिमी जमिनीवर येते ती फक्त माप घ्यायला." आत्या अठ्ठावन्न वर्षांची आहे, पण तिच्या दादासाठी ती चिमीच.

या चिमीला जन्मात एकच गोष्ट मनापासून हवी होती, ती म्हणजे आजी-आजोबांचं बैठं घर. आजी गेल्यापासून दोन वर्षं ते बंद होतं. अर्धं तिचं, अर्धं बाबांचं. बाबांचे गुडघे कामातून गेलेले, आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर आणि लिफ्टच्या नावानं शंख. तळमजल्यावर जागा घ्यायची तर जुनं घर विकणं भाग होतं. दलालानं गिऱ्हाईकही आणलं होतं. गिऱ्हाईक ते घर पाडून नवं बांधणार होतं.

बाबा आत्याला म्हणाले, "आठ दिवस थांबतो. तुला हवं असेल तर माझ्या हिश्श्याचा आकडा कळव. चिठ्ठीवर."

चिठ्ठी हा आजोबांचा नियम. त्यांचे दोन काका एका जुन्या सायकलच्या भावावरून जन्मभर एकमेकांशी बोलले नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे घरच्या माणसाशी तोंडी घासाघीस करत नाहीत. घेणाऱ्यानं एकदाच आकडा लिहायचा आणि देणाऱ्यानं हो किंवा नाही म्हणायचं.

आत्या सात दिवस नुसती घुटमळत राहिली. शेवटच्या दुपारी मला घेऊन बंद घरात गेली. "खिडकी मोजल्याशिवाय मी कुणाला पैसे सांगत नाही," म्हणाली. "आईच्या खोलीतली सहा फूट आहे. मी स्वप्नात कितीदा तरी मोजलीय."

मी टेपचं टोक धरलं. साडेचार फूट भरली.

तिनं तीनदा मोजलं. टेप ताणली गेली असेल, असंही म्हणून झालं. मग ती त्याच खिडकीखाली फरशीवर बसली. ऊन हळूहळू फरशीवरून सरकत होतं, धूळ त्यात तरंगत होती, कुठंतरी नळ ठिबकत होता. भिंतीला डोकं टेकून आत्या बसल्या बसल्या झोपली. मला उठवावंसं वाटेना. त्या उजेडात ती दहा वर्षांची दिसत होती.

जागी झाली तेव्हा हसत होती. "आई पडदा धूत होती ग. मी विचारलं, किती लिहू? म्हणाली, आधी हे एक टोक धर आणि पीळ."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय नाही. पिळला मी."

मग ती गंभीर झाली. "सहा फुटांच्या खिडकीचे पैसे माझ्याकडे नाहीत. तेवढे लिहिले तर दुकान विकावं लागेल. आणि फार कमी लिहिले तर दादाला वाटेल, बहीण लुबाडायला निघाली." तिनं खिडकीवरून हात फिरवला. "साडेचारचेच लिहिते. वर दुमडीला वीतभर. कापडाला सोडतो तसं. त्यापलीकडे माझ्यात खरंच काही नाही ग."

तिनं आकडा लिहिला आणि चिठ्ठीची घडी केली. मग घरभर फिरून सगळ्या खिडक्यांची मापं दुसऱ्या चिठ्ठीवर उतरवली, कापडवाल्यासाठी. बाजारात तुरी, तसले प्रकार! एक चिठ्ठी माझ्या हातात देऊन, दुसरी घेऊन ती कापडवाल्याकडे गेली.

घरी बाबांनी चष्मा लावून चिठ्ठी उघडली. कपाळाला आठ्या पडल्या. "'आईची खोली, साडेचार बाय चार, पातळ कापड. स्वयंपाकघर, तीन बाय तीन.' हा काय आकडा आहे?" ते पुढे वाचत गेले आणि शेवटची ओळ त्यांनी हळू वाचली. "'दादाची खोली, चार बाय चार. जाड कापड. सकाळचं ऊन त्याच्या डोळ्यावर येतं.'"

तेवढ्यात आत्याचा फोन. धापा टाकत होती. "चुकीची चिठ्ठी गेली! इथं कापडवाला हसतोय. म्हणतो, एवढ्या पैशांत पडदे कशाला, घरच घ्या."

"आकडा सांग," बाबा म्हणाले.

नियम मोडून तिनं तोंडानं सांगितला. मलाही ऐकू आला. दलालाच्या आकड्यातल्या बाबांच्या अर्ध्या वाट्यापेक्षाही बराच कमी होता. त्यात तळमजल्यावर जागा मिळाली नसती, आणि हे बाबांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मला आत्याची भयंकर कीव आली.

बाबा चिठ्ठीकडे बघत गुडघा चोळत होते.

"चिमे, त्या माझ्या खोलीला पडदा कशाला?"

"तुझी खोली आहे ना ती," आत्या म्हणाली. एवढं साधं कळत नाही का, अशा आवाजात.

"दारात पायऱ्या किती आहेत ग?"

"एक."

"मग आकडा बरोबर आहे," बाबा म्हणाले. "आणि निळं कापड आणू नकोस. मला निळा आवडत नाही."