एलादिओचे तळवे

पाराना नदीकाठच्या आमच्या टेनिस क्लबात एलादिओ बुस्तामांतेनं एकतीस वर्षं कोर्टं राखली. त्यातली सव्वीस वर्षं इथलं उपाहारगृह मी चालवतेय, त्यामुळे त्याच्याबद्दल चार शब्द बोलायचा हक्क त्याच्या सख्ख्या भावंडांपेक्षा माझा जास्त. माणूस हट्टी आणि तिरसट. सकाळचा माते, आमचा नळीनं ओढायचा कडू चहा, मी करून दिला तर एक घोट ओढून म्हणायचा, ‘‘नेली, पाणी उकळलंस. जाळलास.’’ आणि अख्खा संपवायचा.

विटांच्या भुकटीचं कोर्ट म्हणजे तान्हं पोर. दिवसातून तीनदा पाणी, माती सपाट करायला वर जाळी ओढायची, रूळ फिरवायचा. हे सगळे करतात. एलादिओचं वेगळेपण होतं ते रेषांत. मातीवरच्या पांढऱ्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. उन्हापाण्यानं एखादा खिळा नखभर वर येतो. डोळ्यांना दिसत नाही, पण तळव्याला कळतो. म्हणून रोज सकाळी तो अनवाणी होऊन प्रत्येक रेषेवरून पाय घासत चालायचा आणि टोचलं की तिथंच वाकून हातोडी मारायचा. पोरंटोरं हसायची. पण तरुणपणी दुसऱ्या एका गावात, चेंडूमागं घसरत आलेल्या खेळाडूचा पाय अशाच खिळ्याला अडला आणि गुडघा मोडला, तेव्हा हा चार हातांवर उभा होता. ‘‘आवाज ऐकला मी त्याचा,’’ एवढंच एकदा म्हणाला. पुन्हा कधी बोलला नाही.

मग त्याला साखरेचा आजार जडला. दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून उकळती किटली त्याच्या पायावर सांडली. मी किंचाळले. हा ढिम्म.

‘‘अरे, भाजलं ना?’’

‘‘मला काय विचारतेस? पायाला विचार,’’ तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, ‘‘कुणाला सांगशील तर बघ. साठीच्या कोर्टवाल्याला दुसरीकडं कोण ठेवणार?’’

‘‘आणि खिळे?’’

‘‘डोळे आहेत ना मला!’’

मी गप्प बसले. झाकली मूठ, म्हटलं, राहू दे झाकलेली. हे पाप माझंच.

या मार्चमध्ये व्यावसायिक पुरुषांची स्पर्धा आमच्याकडं होती. रविवारी अंतिम सामना. आमच्याच प्रांतातला तेवीस वर्षांचा साल्दीविया खेळत होता. चेंडूमागं असा घसरायचा की मातीवर लांबच लांब खूण उमटायची. सामना सुरू होऊन अर्धा तास झाला असेल. मी खिम्याच्या करंज्यांचं, एम्पानादांचं ताट घेऊन वळले, तर माझ्या पांढऱ्या फरशीवर दारापासून कपाटाशी उभ्या एलादिओपर्यंत लाल ठसे. आधी वाटलं, कोर्टाची माती. पुसायला गेले तर फडकं चिकट झालं.

‘‘एलादिओ, बस. आल्पार्गाता काढ.’’

‘‘काम आहे मला.’’

‘‘काढ म्हणते ना!’’

कापडी जोडा रक्तानं भिजला होता. अंगठ्याखाली अर्ध्या चंद्रासारखी चीर, खिळ्याच्या डोक्याएवढी. त्यानं पाय उलटा करून पाहिला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

‘‘कुठं लागला?’’ मी विचारलं.

‘‘माहीत असतं तर ठोकला नसता का!’’

सकाळी तो एकाच कोर्टावर चालला होता, जिथं सामना चालू होता तिथं. बाहेर लोक ओरडले. आम्ही दोघं दारात धावलो. साल्दीविया मागच्या रेषेवर लांब घसरला, थांबला, उठला. काही झालं नाही. एलादिओनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की पुढं आठवडाभर वळ राहिले.

‘‘सेट संपला की जाळी ओढायला जाईन. तेव्हा हळूच बघतो,’’ तो पुटपुटला.

‘‘आणि तोवर?’’

पुढचा गेम आम्ही जीव मुठीत धरून पाहिला. मी चेंडू पाहिलाच नाही, फक्त पाय पाहिले. पोरगा घसरला की मी डोळे मिटायचे, आणि मिटल्यावर जास्त भीती वाटायची. कान त्या आवाजाची वाट बघत राहायचे. गेम संपला. खेळाडू बाजू बदलताना बाकांवर बसले, तसा एलादिओ लंगडत सरळ कोर्टात शिरला.

पंचबाई उंच खुर्चीवरून वाकल्या. ‘‘काय आहे, सेन्योर?’’

‘‘सामना थांबवा. कुठंतरी खिळा वर आलाय. मला सापडला नाही.’’ आणि मग म्हणाला, ‘‘माझे पाय मेलेत, बाई. दोन वर्षं झाली. मी लपवलं.’’

पंचांचा माइक चालू होता. ते वाक्य दोन हजार माणसांनी ऐकलं. क्लबाच्या अध्यक्षांची खुर्ची पहिल्या रांगेत होती.

तो गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही तळहात पट्टीवर टेकवून रांगू लागला. वरून कुणीतरी शीळ घालून ओरडलं, ‘‘ए आजोबा, काय हरवलं?’’ काही हसले. कडेची रेषा झाली, मधली झाली. मागच्या रेषेच्या डाव्या कोपऱ्याजवळ त्याचा हात थांबला. साल्दीविया मघाशी घसरला होता त्याची खूण तिथं होती. खूण आणि खिळा यांच्यात माझी चार बोटं मावली असती. साल्दीविया जवळ आला आणि खिळ्याशेजारी आपला बूट टेकवून बघत राहिला. मग कुणी हसलं नाही. हातोडीचे पाच घाव तेवढे ऐकू आले.

सोमवारी क्लबानं त्याला घरी बसवलं. मे महिन्यात डॉक्टरांनी त्याचा अंगठा काढला.

आता रेषांवरून मी चालते. दुसऱ्या कुणाला तो चालू देत नाही, अध्यक्षांनाही त्यानं तोंडावर सांगितलं. नोकरी गेली तरी रोज सकाळी येतो आणि स्वतः हातोडी मांडीवर घेऊन कडेला स्टुलावर बसतो.

‘‘टोचलं?’’

‘‘नाही.’’

‘‘नक्की?’’

गेल्या महिन्यात माझ्याही रक्तात साखर निघाली आहे, आणि ते मी अजून त्याला सांगितलेलं नाही. मी मागं फिरते आणि तीच रेषा पुन्हा चालते.