त्यांनी काकूंना विचारलं

आमच्या भागात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांना सगळे ‘सावकाश’ म्हणतात. ‘कधी होईल?’ असं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: ‘सावकाश होईल.’

अर्धांगाच्या झटक्यानंतर माझ्या पत्नीचं बोलणं अडखळू लागलं. बोलणं शिकवणाऱ्या बाई रोज सकाळी कॉम्प्युटरच्या पडद्यावर येत आणि तिच्याकडून वाक्यं म्हणवून घेत. पण धडा रंगात आला की कॉम्प्युटर फट्‌दिशी बंद! तिला वाटे, आपलंच बोट चुकीच्या जागी पडलं. शेवटी ती खुर्चीवर बसायलाच तयार होईना.

सावकाश आले. दुसऱ्या प्लगला लावून पाहिलं, वायर बदलली, टेबलाखालचा खोका उघडून पंखा तपासला. त्यांच्यासमोर कॉम्प्युटर शहाण्या मुलासारखा चालला. ते गेले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

परत आले तेव्हा मी सगळी कहाणी सुरू केली.

‘सर, तुम्ही जरा दम खा. काकू, वापरता तुम्ही. धड्याला बसताना काय काय करता, सांगा बघू.’

आजारपणापासून तिला कोणी काही विचारत नसे. डॉक्टरसुद्धा तिच्यादेखत मलाच विचारत. ती गांगरली. मग तिनं सांगण्याऐवजी करूनच दाखवलं. बटण दाबलं आणि धूळ बसू नये म्हणून स्वतः विणलेलं जाड लोकरी कव्हर खोक्यावर नीट चढवलं. हाताला व्यायाम म्हणून विणलेलं ते. टाके वाकडेतिकडे, म्हणून कोणी यायचं असलं की ती ते लपवून ठेवी.

सावकाश खोक्याला हात लावून बसून राहिले. खोका तापत गेला, आणि फट्!

‘माझ्या... मुळे?’ तिनं विचारलं.

मी ‘छे छे’ म्हणणार, तोच ते म्हणाले, ‘हो काकू, तुमच्यामुळेच. पण बोट नाही चुकलं तुमचं. भर उन्हाळ्यात बिचाऱ्याला स्वेटर घातलात! गरम हवेला बाहेर पडायला वाट नाही, मग जळण्याआधी तो आपणहून बंद पडतो. काम झालं, गार झाला, की घाला खुशाल.’

ती खुदकन हसली. झटक्यानंतर तिच्याशी इतकं सरळ कोणी बोललंच नव्हतं. त्या ‘हो’चे उपकार मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी धडा पुरा झाला. ‘काय बिघडलं होतं?’ बाईंनी विचारलं. मी तोंड उघडलं, तर हिनं माझ्याकडे डोळे वटारले.

‘त्याला,’ ती म्हणाली. पुढचा शब्द जुळायला वेळ लागला. ‘उकडत होतं.’