जपानी गुरुजींचा कडू घास

काष्टीच्या त्या लिंबाच्या शेडवर बायका एरवी कुठल्याही वारी खाडा करतील, पण सोमवारी नाही. ताप असला तर गोळी घेऊन येतील, पाहुणे आले तर त्यांना चहा पाजून वाटेला लावतील, पण येतील. कारण सोमवारी गीताबाई जपानी गुरुजींची गोष्ट सांगते. समोर लिंबांचा ढीग, हात आपोआप चालू. मोठं लिंबू इकडं, बारकं तिकडं, डागी मागं. कान मात्र सगळे गीताबाईकडं. शेठनं सुरुवातीला कुरकुर करून पाहिली, की बडबडीनं कामाचा खोळंबा होतो. मग त्याच्याच ध्यानात आलं, की सोमवारी ढीग लवकर संपतो. तेव्हापासून तोही गोण्या बघायच्या निमित्तानं जवळ येऊन उभा राहतो आणि मागच्या टायमाला काय झालं होतं, ते हळूच विचारून घेतो.

आता काष्टीत जपान कुठून आलं म्हणाल, तर पुण्याहून. गीताबाईची लेक प्रज्ञा पुण्यात फार्मसी शिकते, हॉस्टेलला राहते. पोरगी हुशार, पण बोलायला महाकंजूष. बापावर गेली. बाप भीमराज टेम्पो चालवतो, आणि दिवसभरात त्याच्यापेक्षा टेम्पोचा हॉर्न जास्त बोलतो. रविवारी संध्याकाळी प्रज्ञाचा फोन यायचा. गीताबाई आठवडाभर त्या फोनची वाट बघायची, आणि फोन असा. जेवलीस का? हो. अभ्यास? चाललाय. बरी हायेस ना? हो, बरीय. ठेवू? ठेव, जयभीम. संपलं. गॅसवर चहा ठेवलेला असला तर तो वर यायच्या आत फोन बंद झालेला असायचा. गीताबाई मग मोबाईल पदराला पुसून फळीवर ठेवायची आणि स्वतःवरच चिडायची, की अगं बाई, तुला दुसरं काही विचारायला सुचत नाही का? पण विचारणार काय? तिची शाळा सातवीत सुटलेली. औषधांच्या अभ्यासातलं काही विचारायचं तर आधी ते माहीत तरी पाहिजे.

एका रविवारी फोनच्या मागून कुणीतरी चित्रविचित्र ओरडताना ऐकू आलं. गीताबाईनं विचारलं, कोण गं ते? प्रज्ञा म्हणाली, ॲनिमे बघत होते. म्हणजे जपानी कार्टून, पण मोठ्या माणसांचं. आणि वर म्हणाली, "तुला न्हाई कळायचं आई."

हे गीताबाईला चांगलंच झोंबलं. ती म्हणाली, सांगून तर बघ.

प्रज्ञानं नाइलाजानं सांगितलं. एका डोंगरावर शाळा. पोरं मूठभर, गुरुजी एकच, म्हातारे आणि खडूस. सरकारनं बजावून ठेवलेलं, की हे गुरुजी संपले की शाळा बंद, मग पोरांनी रोज घाट उतरून खालच्या गावी जायचं. आणि पहिल्याच भागात गुरुजी हजेरी घेता घेता खुर्चीतच गार. पोरांनी एकमेकांकडं बघितलं आणि ठरवून टाकलं, की गुरुजी मेलेच नाहीत. डोळ्यांना गॉगल, डोक्याला टोपी, हातांना दोऱ्या, आणि टेबलाखाली बसून एक पोरगं त्यांच्या आवाजात बोलणार. गंमत अशी, की मेलेले गुरुजी जिवंत होते त्यापेक्षा बरे निघाले. मारत नाहीत, डाफरत नाहीत. पोरं आपली आपण शिकायला लागली, शाळेचा निकाल वर गेला. गुरुजींचं भूत कपाटावर बसून हे सगळं बघतंय आणि कुढतंय. का, तर एवढी वर्षं घसा फोडला आणि मेल्यावर एक पोरगं रडलं नाही.

गीताबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि तिला जे सगळ्यात आधी सुचलं तेच विचारलं, "अगं पण वास न्हाई का सुटला?"

प्रज्ञा खदाखदा हसली. फोनवर ती अशी हसलेली गीताबाईनं कधी ऐकलीच नव्हती. तिथं बर्फ असतो गं, असं म्हणत ती पुन्हा हसली, आणि त्या दिवशी गॅसवरचा चहा उतू गेला.

दुसऱ्या दिवशी गीताबाईनं ते शेडवर सांगितलं. जपानी नावं तिच्या जिभेवर टिकेनात, म्हणून टेबलाखालच्या पोराचा बंड्या झाला आणि दोन वेण्यांच्या पोरीची चिमी. तपासणीला येणारा साहेब शिक्षणाधिकारी झाला आणि जीपमधून यायला लागला. पोरांच्या डब्यात भाताचे गोळे होते, ते तिनं तसेच राहू दिले, आमच्याकडं पण शाळेत खिचडीच असते म्हणून. शेडवरची सगळ्यात थोरली लंकाबाई. तिला कुठलीही गोष्ट बिनशंकेची गिळवत नाही. तिनं दर सोमवारी अडवायचं. गुरुजींना बायको नव्हती का? पगार कोण उचलतं? दाढी वाढती का मेल्यावर? गीताबाई हे प्रश्न जपून ठेवायची आणि रविवारी लेकीला म्हणायची, "लंकाबाईनं इचारलंय." मग प्रज्ञा सांगायची, वाद घालायची, आणि मधूनच, जणू सहज, मेसच्या भाजीबद्दल, रूममेटच्या घोरण्याबद्दल, एका सरांनी सगळ्यांसमोर अपमान केला त्याबद्दलही बोलून जायची. गीताबाई तेवढं कानात साठवायची. ते शेडवर सांगत नव्हती.

असं पावसाळाभर चाललं. आणि मग एका रविवारी प्रज्ञा म्हणाली, आता पुढच्या रविवारी शेवटचा भाग. गीताबाईनं विचारलं, नंतर? नंतर काही नाही, संपलं.

गीताबाईला वाटलं, गुरुजींचं काय व्हायचं ते होवो, पुन्हा आपलं 'जेवलीस का' आणि 'ठेवू का' सुरू होणार. रात्री भीमराजला तिनं हे सांगितलं. तो म्हणाला, हं.

सोमवारी ती शेडवर गेली ती हे ओझं घेऊनच. भागही नेमका तसा होता. गुरुजींना आदर्श शिक्षकाचा पुरस्कार जाहीर झालेला. आता मेलेल्या माणसाला पुरस्कार घ्यायला न्यायचं कसं? पोरांनी खुर्चीला चाकं लावली आणि गुरुजींना घाटातून खाली आणलं. वळणावर खुर्ची सुटली, गुरुजी एकटेच सुसाट निघाले, समोरून येणाऱ्या वरातीत घुसले आणि नवरीच्या शेजारी जाऊन थांबले. शेडवर हसून हसून बायकांच्या हातातली लिंबं सांडली. मग स्टेज. साहेबानं हार घातला, हात मिळवला, आणि ताठलेला हात काही सुटेना. साहेब ओढतोय, घामाघूम झालाय, आणि समोरची माणसं टाळ्या वाजवतायत, की काय हे गुरु-साहेबांचं प्रेम.

मग सूत्रसंचालक म्हणाला, गुरुजींनी दोन शब्द बोलावेत. स्टेजवर टेबल नाही, बंड्यानं लपायचं कुठं? तेव्हा चिमी पुढं आली. गुरुजींचा घसा बसलाय, मी बोलते, म्हणाली. आधी खोटं खोटं गोड बोलली. मग बोलता बोलता खरं बाहेर यायला लागलं. गुरुजी छडीनं मारायचे. डबा नसला की स्वतःचा अर्धा द्यायचे आणि वर खेकसायचे. एकदा बर्फात तिला पाठुंगळी घेऊन घरी सोडायला गेले आणि सगळ्या वाटेत पाढे म्हणून घेतले. इथं ती थांबली आणि म्हणाली, गुरुजी तर कधीच गेलेत. आम्हांला रडायला वेळच मिळाला नाही.

सगळी पोरं स्टेजवरच रडायला लागली. गुरुजींचं भूत कर्ण्यावर बसलेलं. त्यानं चष्मा पुसला, पहिल्या दिवशी अर्धी राहिलेली हजेरी काढली आणि पुरी करायला घेतली. गीताबाई एकेक नाव घ्यायला लागली, बंड्या, चिमी, आणि पुढची नावं आठवेनात म्हणून समोरच्या बायकांचीच. आणि लंकाबाईचं नाव आलं तशी ती शंकेखोर म्हातारी लिंबू हातात धरून म्हणाली, "हजर."

झालं. गीताबाईचा बांध फुटला. गुरुजींसाठी थोडा, आणि पुढच्या रविवारसाठी सगळा. ती ओक्साबोक्शी रडायला लागली. लंकाबाईनं तिला कुशीत ओढलं, बाकीच्या भोवती जमल्या, कुणी पाठीवरून हात फिरवतंय, कुणी पदरानं डोळे पुसतंय. शेठ गोण्यांकडं तोंड करून नाक शिंकरत होता.

नेमकं त्याच वेळी गीताबाईच्या गल्लीतली सुरेखा लोणच्याला डागी लिंबं घ्यायला शेडच्या दारात आली. तिनं हे बघितलं, तोंडाला पदर लावला आणि लिंबं न घेता आल्या पावली परत गेली.

आपल्याकडं रीत अशी, की दुःखाच्या घरी चूल पेटू द्यायची नाही. शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी करून न्यायची, घरच्यांना दोन घास बळंच खायला लावायचे. त्यालाच कडू घास म्हणतात. आणि त्या घरी जाऊन 'कोण गेलं' असं कुणी विचारत नाही. गुपचूप टेकायचं, एवढंच. ही रीत किती चांगली आणि किती घातकी, ते त्या संध्याकाळी कळलं.

गीताबाई घरी येऊन तोंड धूत होती, तर सुरेखा झाकलेलं ताट घेऊन आली, भिंतीला टेकून बसली, आणि डोळे टिपायला लागली. मागून आणखी दोघी आल्या. मग चौघी. पिठल्याच्या वासानं घर भरून गेलं. बाहेर भीमराज टेम्पो पुसत होता, त्याच्याजवळ चार पुरुष येऊन मुकाट उकिडवे बसले. भीमराजला वाटलं, बायकोला ठाऊक असेल. त्यानंही टोपी काढली आणि त्यांच्यात बसून राहिला. विचारायचं कुणी?

गीताबाईनं ताटांकडं बघितलं, रडणाऱ्या बायांकडं बघितलं, आणि तिला वाटलं, गावाला कळलंय आणि मलाच कुणी सांगत नाही. नवरा तर डोळ्यांसमोर बसलाय. म्हणजे... तिनं मोबाईल घेतला आणि प्रज्ञाला लावला. रिंग जाते, कुणी उचलत नाही. पुन्हा लावला. पुन्हा. तेव्हा ती मटकन खाली बसली आणि रीतभात गेली खड्ड्यात, असं म्हणून सुरेखाचा हात धरून म्हणाली, "सुरेखा, कोन गेलं ते तरी सांग मला."

सुरेखा चपापली. "अगं, तुझा भाऊ ना? तिसगावचा? गेल्या महिन्यात हृदयाचं आपरेशन झाल्तं न्हवं त्याचं?"

"तुला कुनी सांगितलं?"

"कुनी न्हाई. तू शेडवर रडत हुतीस."

गीताबाईनं भावाला, सहादूला, फोन लावला. सहादूनं पहिल्याच रिंगला उचलला आणि तोंडात घास असताना म्हणाला, "बोल." गीताबाई रडता रडता हसायला लागली. काय झालं ते तिनं कसंबसं सांगितलं, तेव्हा सहादू शांतपणे म्हणाला, माझ्या नावाचं पिठलं हाय, तर माझ्या वाटचं ठेवा मग. सुरेखा शरमेनं अर्धी झाली. लंकाबाईही तोवर आलेली होती. खरी गोष्ट कळल्यावर ती म्हणाली, केलंय ते वाया कशाला घालवायचं, आणि सगळ्यांना बसवून पिठलं वाढायला लागली. बाहेर भीमराजच्या हातात ताट गेलं, तेव्हा त्यानं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "पन कोन गेलं?"

तेवढ्यात प्रज्ञाचा फोन आला. ती प्रॅक्टिकलला होती, आत्ताच हॉस्टेलला परतलेली. एवढे मिस्ड कॉल बघून तिचा जीव उडालेला. आई, काय झालं, पप्पा बरे आहेत ना, असं एका दमात विचारत होती. गीताबाईला वाटलं, पोरीला उगाच घाबरवलं, ओरडा बसणार. ती चाचरत सांगायला लागली. हजेरीचं, लंकाबाईच्या 'हजर'चं, सुरेखाचं, न विचारता बसलेल्या पुरुषांचं.



पलीकडं हसण्याचा स्फोटच झाला. प्रज्ञाला बोलता येईना. मग तिनं कुणाकुणाला हाका मारल्या, दार वाजलं, पोरींचा गलका ऐकू आला. "आई, थांब, स्पीकरवर टाकते. सगळ्या आल्यात. पहिल्यापासून सांग. कायबी गाळू नको."

गीताबाई सावरून बसली. पदर नीट केला. शेडवर लिंबांच्या ढिगासमोर बसते तशी मांडी घातली आणि सुरुवात केली, की आमच्या काष्टीत एक लिंबाची शेड हाय.

पुढच्या रविवारी शेवटचा भाग झाला. पोरांनी गुरुजींना डोंगरावरच पुरलं, आणि शाळा बंद झाली. लंकाबाईला तो शेवट अजिबात पटला नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी, ना रविवार ना काही, गीताबाईनं गॅसवर चहा ठेवला आणि फोन वाजला. प्रज्ञा होती. काय झालं गं, असं गीताबाईनं घाबरून विचारलं. काही नाही म्हणाली, सहज केला. मग म्हणाली, "पोरी इचारतायत, लंकाबाई आता काय म्हनती?"

चहा उतू गेला. भीमराज उठला आणि त्यानं गॅस बंद केला.