डावऱ्या हाताची गाठ

आमच्या मोठ्या काकूचा कशावरच विश्वास बसत नसे. माझा होणारा नवरा पहिल्यांदा घरी आला, तेव्हा त्याच्या स्वेटरच्या बाहीचा लोंबता धागा तिने तोडला आणि सगळ्यांदेखत काडी ओढून जाळला. जळक्या केसांचा वास आल्यावर म्हणाली, "लोकर खरी आहे. बसा." मुलाबद्दलचं मत तिने अजूनही राखून ठेवलंय.

घरात कामं वाटलेली होती. आई मेंढीची लोकर पिंजून चरख्यावर कातायची, काकू त्या सुताच्या लडी बांधून रंगवायची, आणि मग दोघी टोप्या-स्वेटर विणायच्या. मागच्या खोलीतल्या निळीच्या पिंपाला काकूशिवाय कुणी हात लावायचा नाही. तिच्या निळ्यासाठी गिऱ्हाइकं लांबून यायची. त्याचा तिला भारी तोरा होता.

एका सकाळी चहा घेताना मी सहज म्हणाले, "आई, तुझी नखं निळी कशी गं?"

आईने हात मागे घेतला. काकूने कान टवकारले. कातणारीची नखं निळी कशाला होतील? त्या दिवसापासून काकूचा घरात पहारा बसला. झोपायला जाताना ती पिंपाच्या झाकणावर लोकरीचा तंतू चिकटवून ठेवायची आणि सकाळी बोटाने चाचपायची. तंतू तुटलेला असायचा.

"उंदीर असेल," मी म्हणाले.

"उंदरांची नखं निळी होत नाहीत."

खरं सांगते, माझ्याही मनात पाल चुकचुकली. आई नजर चुकवत होती.

मग काकूला गाठ सापडली. रंगवताना गुंता होऊ नये म्हणून लड जागोजागी दोऱ्याने बांधतात. दोरीवर वाळणाऱ्या लडींवरून बोटं फिरवताना काकू थबकली. आई डावरी, तिची गाठ उलटी बसते. काकूने बांधलेल्या लडी सोडून कुणीतरी पुन्हा बांधल्या होत्या.

"माझा रंग चोरायला निघालीस?"

"नाही हो, जाऊबाई."

"मग माझ्या पिंपात काय करत होतीस?"

आईने पदराला हात पुसले.

"ठीक आहे. वेगळं होऊ. चरखा तुझा, पिंप माझं. मी विकतचं सूत आणून रंगवीन."

विकतचं सूत! ज्याला जन्मभर नाक मुरडलं, ते! आईचा चेहरा पडला. मला तिचाच राग आला. चोर म्हणवून घेते आणि तोंडातून शब्द काढत नाही!

काकूने टोपलीतून कालची एक लड उचलली, दोरीवरची दुसरी ओढली आणि दोन्ही खिडकीच्या उजेडात धरल्या.

"ही माझी, गाठ बघ. ही तू सोडून बांधलेली. रंगात तसूभर तरी फरक आहे का? मग पुन्हा पिंपात घालायचं कारण काय?"

मी बघतच राहिले. दोरीवरची लड गडद निळी होती. काकूची फिकट होती, मधेमधे डाग पडलेली. कुणीच काही बोललं नाही, आणि आमचं गप्प बसणं काकूला बरोबर कळलं.

"काय आहे ते सांगा."

"तुमच्या लडी हल्ली कच्च्या राहतात," आई हळूच म्हणाली. "मी फक्त आणखी एकदा बुडवते."

काकूने लडी डोळ्यांजवळ नेल्या, लांब धरल्या, एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा.

"मला सारख्याच दिसतात गं," ती म्हणाली. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला रडू आलं.

"सांगितलं का नाहीस?"

"रंग तुमचा आहे, जाऊबाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी पिंपापाशी बसल्या होत्या. काकूने लड बुडवली, वर काढली आणि विचारलं, "झाली?"

"अजून एकदा."

काकूने आईकडे संशयाने पाहिलं, आणि लड पुन्हा बुडवली.