तक्त्यातला दुपारचा समुद्र

उत्तर छुंगछॉन्ग प्रांताला समुद्र नाही. देशातल्या बाकी सगळ्या प्रांतांच्या वाट्याला थोडाफार तरी आला. वाटणी चालू असताना आमच्याकडचं माणूस बहुधा गप्प बसलं असावं. त्यात नवल नाही. आमच्याकडे कुणी काही विचारलं की लगेच हो म्हणणं हावरटपणाचं, आणि लगेच नाही म्हणणं उद्धटपणाचं. म्हणून माणूस "हं... बघू की" म्हणतो आणि पुढचं समोरच्यानं ओळखावं अशी अपेक्षा ठेवतो. न ओळखता आल्यास पुन्हा विचारावं. तिसऱ्यांदा विचारलं की खरं उत्तर मिळतं, असा रिवाज आहे. पुष्कळांची लग्नं अशीच जमली आहेत. ज्यांनी दोनदाच विचारलं, त्यांची जमली नाहीत.

मेंग दोक्सू याच प्रांतातला. वय सत्तेचाळीस. दानयांगच्या एका सिमेंट कारखान्यात पाळ्यांचा तक्ता करण्याचं काम त्याच्याकडे होतं. दोनशे माणसं, तीन पाळ्या, त्यात कुणाच्या घरी श्राद्ध, कुणाच्या मेव्हण्याचं लग्न. तरी सोमवारी सकाळी तक्ता भिंतीवर लागलेला असायचा आणि त्यावर बोट ठेवायला जागा नसायची. घरात मात्र त्याला अर्ध्या दिवसाचाही तक्ता कधी राबवता आला नव्हता, कारण घरात चेरान होती. चेरान मूळची बुसानची. तिकडची माणसं समुद्राच्या वाऱ्यात वाढतात, एकमेकांना ओरडून हाका मारतात, आणि ओरडून "बघू की" म्हणता येत नाही.

कारखाना जुलैच्या शेवटच्या सोमवारपासून पाच दिवस बंद असतो. अख्खा देशच त्या आठवड्यात बंद असतो आणि अख्खा देश रस्त्यावर असतो. दरवर्षी मेंग कुटुंब ओढ्याकाठी जाई, पाण्यात कलिंगड गार करत ठेवी, आणि संध्याकाळी घरी येई. या वर्षी धाकट्या सोलनं, वय वर्षं आठ, जाहीर केलं की ओढा म्हणजे समुद्र नव्हे. थोरली येसुल चौदा वर्षांची. तिनं मोबाइलमधून डोकं वर न काढता "खरंय" म्हटलं. या दोघींचं एकमत झाल्याची ती त्या वर्षातली पहिलीच वेळ होती.

दोक्सूला स्फुरण चढलं. रात्रपाळीचा घोळ निस्तरावा तसा तो बेटांच्या मागे लागला. उथळ किनारा, जीवरक्षक, अंघोळीला गोडं पाणी, सावलीला पाइनची झाडं, खोलीत स्वतःची चूल: पाच निकष, प्रत्येकाला दहापैकी गुण. इंचॉनहून बोटीनं दीड तासावरचं गालमी बेट अठ्ठेचाळीस गुणांनी पहिलं आलं. निकाल लागला त्या दिवशी तो घरी शीळ घालत आला. शेजाऱ्यांना वाटलं, बढती मिळाली.

मग घरात दुसरं काही सुचेना. सोलनं पोहायची रबरी कडी फुगवून कमरेला चढवली ती जूनभर उतरवली नाही. जेवायलाही ती कडीसकट बसे आणि आमटीचं वाडगं तिच्यापासून हातभर लांब राही. येसुलनं तीन मैत्रिणींना सांगितलं की तिला जबरदस्तीनं नेलं जातंय, आणि त्याच संध्याकाळी उन्हाची टोपी मागवली. चेराननं भाजायला डुकराचं मांस किती, किमची किती याचा हिशेब डोक्यातच केला. दोक्सूनं तासातासाचा तक्ता करून फ्रिजवर लावला. बुधवार, अकरा ते दोन: समुद्रस्नान, सर्व सदस्य.

"समुद्राचं काही असलं तर मला विचारा," चेरान म्हणाली. "मी समुद्रावरच जन्मले." तिनं तक्ता वाचला आणि मंजूर केला.

एकच गोष्ट तक्त्यात नव्हती, आणि दोक्सूला या सगळ्यातून खरं म्हणजे तेवढीच हवी होती: बाबांनी यावं. त्याचे वडील मेंग पानसॉक, वय अठ्ठ्याहत्तर, अर्ध्या तासावरच्या गावात एकटे राहत. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. सहाही उन्हाळ्यांत मंडळी ओढ्यावर गेली आणि म्हातारा मिरच्यांच्या वाफ्यात राहिला. दोक्सूनं ही इच्छा कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. तोही इथलाच.

त्यानं विचारलं मात्र रीतसर होतं. पहिल्यांदा मेमध्ये, मिरचीची रोपं लावताना. बाबा म्हणाले, "मिरच्या कोण बघणार?" दुसऱ्यांदा जूनमध्ये, लसूण काढताना. बाबा म्हणाले, "म्हाताऱ्याची कशाला अडगळ गाडीत." दोक्सू खूश होऊन परतला. सगळं नीट चाललं होतं. आता एक चांगला दिवस बघून तिसऱ्यांदा विचारायचं.

पण मध्येच चेराननं घरच्या मोबाइल गटावर मतदान लावलं. येणार, नाही येणार; दोनातलं एक दाबा. चौघांनी दाबलं. बाबांनी पाहिलं आणि काही दाबलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं चौघांची बोटीची तिकिटं काढून टाकली.

"अगं, बाबांचं?" दोक्सूनं विचारलं.

"दोनदा नाही म्हणाले ना?"

"नाही कुठे म्हणाले? मिरच्या कोण बघणार, असं म्हणाले."

"तेच ते."

"तेच कसं? तो प्रश्न होता. त्यांनी विचारलं, कोण बघणार. म्हणजे बघणारा कुणी मिळाला तर..."

"अहो येसुलचे बाबा, लग्नाला सतरा वर्षं झाली. तुमच्या लोकांचं बोलणं कळायला आणखी किती लागतील तेवढं सांगा, म्हणजे तशी तयारी ठेवते."

"अडगळ म्हणाले, म्हणजे जागा आहे का ते बघत होते."

"मग सरळ विचारावं, जागा आहे का. आमच्या घरी माझे वडील पाहुण्याच्या गाडीत आधी बसतात आणि मग विचारतात कुठे चाललोय."

जुलैच्या मध्यावरच्या रविवारी चौघं गावी गेले. दोक्सूनं तक्त्याची प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून बरोबर घेतली होती. कागद पाहून बाबांना मोह होईल असा त्याचा अंदाज होता. पहिल्या मिरच्या लाल होऊ लागल्या होत्या. बाबांनी उकडलेली कणसं पुढ्यात ठेवली, चेराननं सोयाबीनच्या गार दुधात शेवया घातल्या, आणि सगळे ओट्यावर बसून ओरपू लागले. सोल कडी घालूनच आली होती.

बाबांनी पाकीट हातात घेतलं. चष्मा लावला. इतका वेळ वाचलं की येसुलची दोन कणसं संपली.

"छान आहे," ते शेवटी म्हणाले. "रेघा सरळ आहेत."

दोक्सू फुलला.

"हं... चिखल अंगाला चांगला असतो म्हणतात. कातडी मऊ होते."

दोक्सूनं चेरानकडे पाहिलं, चेराननं दोक्सूकडे. बाबांचं वय झालं, असा विचार दोघांच्या डोळ्यांतून एकदमच गेला.

"कसला चिखल, बाबा?"

बाबांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे हनुवटीनं खूण केली. शेतकरी सोसायटीची दिनदर्शिका. मोठ्या आकड्यांखाली तिथीचे बारीक आकडे. "बुधवारी पौर्णिमा आहे. अकरा ते दोन समुद्रस्नान, असं लिहिलंयस. त्या वेळेला समुद्र नसणार."

"नसणार म्हणजे?"

"बाहेर गेलेला असणार."

"कुठे?" सोलनं विचारलं.

"चीनकडे."

चेराननं शेवयांचं वाडगं खाली ठेवलं. "बाबा, समुद्र कुठे जात नाही हो. माझा जन्म गेला समुद्रावर. सकाळी बघा, दुपारी बघा, तिथंच असतो."

"तुमचा बुसानचा समुद्र शहाणा आहे," बाबा म्हणाले. "घर धरून राहतो. पश्चिमेचा भटक्या आहे."

तिनं झटकन मोबाइल काढला आणि गालमीच्या भरती-ओहोटीच्या वेळा शोधल्या. वाचल्या. पुन्हा वाचल्या. मग सतरा वर्षांत घडलं नव्हतं ते घडलं: ती काही बोलली नाही. मोबाइल तिनं नवऱ्याकडे सरकवला. बुधवार, पूर्ण ओहोटी, बाराला दहा कमी. पूर्ण भरती, संध्याकाळी सहाला थोडा अवकाश.

दोक्सू तो पडदा बघत राहिला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यानं पहिल्यांदाच कुणालातरी अशा पाळीला लावलं होतं, जो त्या पाळीला येतच नव्हता. धरणाच्या तलावावर वाढलेल्या माणसाच्या डोक्यात, पाणी उठून जाऊ शकतं, ही शंकाच आली नव्हती. अठ्ठेचाळीस गुण दिले होते. पाणी हा निकषच त्यात नव्हता.

"पण तुम्हाला कसं माहीत, आजोबा?" येसुलनं मोबाइल चक्क पालथा ठेवला.

"तीन वर्षं होतो तिथं. गालमीवर. किनाऱ्याच्या चौकीवर, लष्करात असताना. बावीस वर्षांचा होतो."

"तुम्ही कधी बोलला नाहीत!" दोक्सू जवळजवळ ओरडलाच.

"कुणी विचारलं?" बाबा म्हणाले, आणि खिशातून पेन काढलं.

त्यानंतर जे झालं ते बघण्यासारखं होतं. म्हाताऱ्यानं पाकिटातून कागद बाहेर ओढला आणि मुलाच्या सरळ रेघांवर आपल्या तिरप्या रेघा मारायला सुरुवात केली. अकरा ते दोन कापलं आणि लिहिलं: शिंपले. वाळूत किल्लीच्या भोकासारखं भोक दिसलं की त्यात चिमूटभर मीठ टाकायचं. लांबोडा शिंपला रागावून स्वतःच वर येतो, तेव्हा धरायचा.

"स्वतःच वर येतो?" सोल कडीसकट उभी राहिली.

"बोटाएवढा वर येतो. सावकाश ओढायचा, हिसका नाही मारायचा. आम्ही घमेलंभर काढायचो. नूडल्समध्ये टाकायचे, कांद्याची पात वर." बाबांचा आवाज चढला होता. दोक्सूनं तो आवाज आई असतानाही क्वचितच ऐकला होता. "आणि खेकडे! हे एवढाले. एक डोळा तुमच्यावर, एक भोकावर. साडेचारनंतर पोहा हवं तितकं. पाणी तापलेल्या चिखलावरून येतं, कोमट असतं, पोरींना सोसेल."

मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "पण तिथं एक गोष्ट आहे. पाणी समोरून येत नाही. चौकीच्या बाजूला एक नाळ आहे, म्हणजे चिखलातली खोल चर, ती आधी भरते, तुमच्या पाठीमागून. माणूस पुढे बघत शिंपले काढत बसतो आणि मागची वाट जाते. दोनच्या ठोक्याला सगळे मागे. तिकडं लक्ष ठेवायला कुणी माहितगार असलेलं... बरं असतं."

चेरान पुढे सरकली.

"म्हणजे तुम्ही येताय," चेरान म्हणाली.

"हं..." बाबा मिरच्यांकडे बघू लागले. "तुम्ही जीवरक्षकाला विचारा की. असेल कुणी शिकलेला."

चेराननं तोंड उघडलं. दोक्सूनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला थांबवलं. वेळ हीच होती, आणि ती त्याची होती. त्याला घाम फुटला. दोनशे माणसांना पाळ्या सांगताना कधी असं झालं नव्हतं.

"बाबा, चला ना," तो म्हणाला. "नाळेसाठी नाही. तुम्ही असावं असं मला वाटतं."

एवढं उघड आमच्याकडे कुणी बोलत नाही. बाबांनी कणसाचे दोन दाणे सोलले आणि ताटलीत ठेवले.  पण चेराननं तोवर बोटीच्या कचेरीचा नंबर फिरवून मोबाइल मधोमध ठेवला होता.

"बुधवारच्या बोटीला पाचवा प्रवासी जोडायचाय," ती मोठ्यानं म्हणाली.

"दोनच जागा उरल्यात, ताई," पलीकडची मुलगी एका दमात बोलली. "नाव, ओळखपत्र आणि जन्मतारीख लागेल. येणार हे नक्की ना? मागे बाराजण ताटकळलेत."

 आयुष्यात बाबांना प्रश्न पुष्कळ लोकांनी विचारले असतील, पण मागे बाराजण उभे करून कुणी विचारला नव्हता.  सोलच्या कडीतून बारीक सूं सूं हवा जात होती, तेवढाच काय तो आवाज.

"हॅलो? नक्की आहे की नाही?"

बाबा पुढे वाकले, मोबाइलच्या अगदी जवळ.

"पोरी," ते म्हणाले, "जन्मतारीख ओळखपत्रावरची सांगू, की खरी?"

"ओळखपत्रावरची, आजोबा."

त्यांनी सांगितली. सावकाश, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. पुढचं नाव कुणाला नीट ऐकूच आलं नाही, कारण सोल किंचाळत अंगणभर धावत होती, येसुल तिच्यामागे होती, आणि चेरान सासऱ्याला म्हणत होती, "हे मेमध्येच सांगितलं असतं तर तेव्हाची स्वस्त तिकिटं मिळाली असती!"

"मेमध्येच तर शेजारच्या ग्वोनला सांगून ठेवलं, मिरच्या बघ म्हणून," बाबा म्हणाले. "तुम्हीच विचारायला एवढा उशीर लावलात."

 दोक्सूनं तो कागद उचलून उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर रेघा आखायला घेतल्या. एकही रेघ सरळ येईना, आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

"ते राहू दे," बाबा उठत म्हणाले. "आधी चालायला शिका. चिखलात तुम्ही शहरात चालता तसं चालाल तर पहिल्या दहा पावलांत चपला जातील. टाच आधी उचलायची. असं. उभे राहा सगळे."

आणि भर दुपारी, मिरच्यांच्या वाफ्यांना समांतर, पाच माणसं एका ओळीत कोरड्या ठणठणीत अंगणातून गुडघे उचलत निघाली. सर्वांत पुढे अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, मागे दोन नाती, त्यामागे बुसानची सून, तिला तीनदा टाच चुकली म्हणून बोलणी बसली होती, आणि शेवटी दोक्सू.

"आजोबा, किती लांब जायचं?" सोलनं विचारलं.

"बरंच लांब," बाबा मागे न बघता म्हणाले. "चला, पाय उचला."