तिसरा सेकंद

धावपट्टीच्या कुंपणापाशी उभा राहून मी मुलीचं विमान उतरताना पाहत होतो. वारा आडवा होता. विमान नाक शेताकडे वळवून, खेकड्यासारखं तिरकं येत होतं. अगदी शेवटी तिनं पायातलं पेडल दाबून नाक सरळ केलं. आधी एक चाक टेकलं, मग दुसरं.

तिचे प्रशिक्षक उतरून आले. मी विचारलं, "सर, कंट्रोल तुम्ही घेतला का?"

"छे हो! माझे हात मांडीवर होते. मी चुकू देतो. चुकल्याशिवाय पायांना वारा कळत नाही."

"किती वेळ चुकू देता?"

"दोन सेकंद. पूर्वी तीन द्यायचो."

एक सेकंद कमी का केला, हे मी विचारायला नको होतं.

"तिसऱ्यात एक मुलगी गेली," ते म्हणाले. "मी वाचलो."

सायकल शिकवताना मागचा हात केव्हा सोडायचा, हे आपण कधी मोजत नाही. गुडघा फुटतो, भरून येतो. इथे मोजावंच लागतं, आणि बरोबर आकडा किती, हे मोजणाऱ्यालाही कुणीतरी गेल्यावरच कळतं. दोन तरी बरोबर आहे की नाही, कोण सांगणार?

मुलगी धावत आली. "बाबा, उद्या मी एकटी! सरांनी सांगितलं."

"वारा पडला तर," सर म्हणाले.

मी तिला शाबास म्हणालो. उद्या तिच्या शेजारी सेकंद मोजणारं कुणीच नसेल.